पॉलिशनंतर आठ दिवसांत काळी गाडी पुन्हा पांढुरकी? आधी दोष कुठला ते ओळखा

तक्रार ठरलेली असते. जुनी काळी गाडी घेतली, रबिंग-पॉलिश करून घेतलं, दुकानातून निघाली तेव्हा बॉनेटमध्ये तोंड दिसत होतं. तीन-चार वेळा धुतली आणि बॉनेट, टप, डिक्की पुन्हा पांढुरकी. मग दुसरं दुकान, पुन्हा पॉलिश, पुन्हा तेच. नागपुरात हे इतकं सर्रास आहे की लोक रंगालाच दोष देतात. "काळा घेऊच नये" हा सल्ला चुकीचा नाही, पण गाडी दारात उभी राहिल्यावर त्याचा उपयोग काय!

अशा बहुतेक गाड्यांचा पांढुरकेपणा मुळात गेलेलाच नसतो. ओरखडे तेला-मेणाने बुजवलेले असतात. शॅम्पूने तेल निघतं, ओरखडे होते तिथेच असतात. शिवाय दर रबिंगला वरचा थर थोडा झिजतो. म्हणून पुढच्या पॉलिशला पैसे देण्याआधी आपल्या गाडीवरचा पांढुरकेपणा नेमका कोणत्या जातीचा आहे ते बघा. जाती चार-पाच आहेत आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा.

थर किती उरलाय

झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण १०० मायक्रॉन असते. कंपनीने मारलेला सगळा रंग, म्हणजे प्रायमर, काळा आणि वरचा पारदर्शक थर (क्लिअर) धरून, त्याच्याच आसपास भरतो. त्यातला क्लिअर ३५ ते ५० मायक्रॉन. चमक त्याच्यात, ऊन अडवणारी द्रव्यंही त्याच्यातच. बारीक पॉलिशने साधारण १ मायक्रॉन जातो, फोम पॅड आणि मध्यम कंपाउंडने (पॉलिशहून खरखरीत लेप) १ ते ३, लोकरीच्या पॅडने ३ ते ५. २००० नंबरच्या पाणीपेपरने घासून मग कंपाउंड मारला तर त्याहून जास्त. चार दुकानं फिरलेल्या गाडीचा हिशेब आता तुम्हीच करा.

रंगाची जाडी मोजणारं मीटर भाड्याने किंवा ओळखीच्या डिटेलिंगवाल्याकडून मिळालं तर नक्की फिरवा. पत्र्यावर ९० ते १४० आलं तर रंग बहुधा कंपनीचा आहे. १५० ते २५० म्हणजे पॅनल पुन्हा रंगवलेलं. ४०० च्या वर म्हणजे खाली पुट्टी. ८० च्या खाली आलं तर कुणीतरी आधीच बरंच घासून ठेवलंय. तिथे फक्त बारीक पॉलिश, दुसरं काही नाही. मीटर सगळ्या थरांची बेरीज दाखवतं, एकट्या क्लिअरची नाही. प्लास्टिकच्या बंपरवर ते चालत नाही.

पाच मिनिटांची परीक्षा

गाडी धुवून, वाळवून सावलीत घ्या. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल १५० मिली आणि डिस्टिल्ड वॉटर ८५० मिली असं मिश्रण स्प्रेच्या बाटलीत करा. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं. मागताना "बॅटरीचं पाणी" एवढंच म्हणू नका, नाहीतर हातात ॲसिडची बाटली पडायची. बॉनेटचा ४० × ४० सेंटिमीटरचा चौकोन मास्किंग टेपने आखा, त्यावर दोन-तीन फवारे मारा आणि स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. जुनं तेल, मेण, सिलिकॉन निघून जातं आणि रंग उघडा पडतो. आता मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. ट्यूबलाइटखाली बघू नका, त्या उजेडात वाईटातली वाईट गाडीही सभ्य दिसते.

टॉर्चभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल रेघ दिसली तर ते पुसण्याचे ओरखडे आहेत. नख फिरवून बघा. नख अडलं नाही तर ते निघतात. अडलं तर ओरखडा खोल आहे, त्याच्या कडा फक्त मवाळ करता येतील.

उजेड हलवला की त्याच्याबरोबर सरकणारे पट्टे, पाण्यावर डिझेल सांडल्यासारखे, दिसले तर ते मशीनचे डाग आहेत. रोटरी बफिंग मशीन, लोकरीचा पॅड, जास्त वेग आणि शेवटचा बारीक हात न मारणं, या चौघांची ही देणगी. याला होलोग्राम म्हणतात. "पॉलिशनंतर आठ दिवसांत परत" या तक्रारीत सगळ्यात जास्त हेच सापडतं.

गोल किनारीचे पांढरे ठिपके म्हणजे पाण्याचे क्षार. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर.

सगळीकडे सारखा, खडूची भुकटी लागल्यासारखा पांढुरकेपणा असेल तर पांढऱ्या फडक्यावर थेंबभर कंपाउंड घेऊन कोपऱ्यात घासा. फडकं काळं झालं तर वर क्लिअर नाहीच. एकाच थराचा जुना रंग असेल किंवा पेंटरने नुसता काळा मारून सोडलेलं पॅनल असेल. असा रंग छान उजळतो, पण भराभर झिजतो.

शेवटची जात म्हणजे नायट्यासारखे पांढरे चट्टे. त्यांना स्पष्ट किनार असते, तिथे नख अडतं, कधी पापुद्राही निघतो. ओलं केल्यावर चट्टा काळा होतो, पण किनार दिसतच राहते. हा क्लिअर मेलाय. जगातलं कोणतंही पॉलिश त्याला परत आणत नाही, घासाल तितका चट्टा मोठा होईल. टप आणि बॉनेटवर हे आधी येतं, कारण मेच्या ४५ अंशांत काळ्या पत्र्याला सगळ्यात जास्त तिथेच भाजून निघावं लागतं.

पाणी, आरओ आणि कूलर

पेंचचं नळाचं पाणी गाडीला फारसा त्रास देत नाही. त्रास बोअरचा. बेसा, बेलतरोडीसारख्या बाहेरच्या ले-आउटमध्ये बोअर किंवा टँकरवर भागवावं लागतं तिथे साधं पेनासारखं टीडीएस मीटर (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारं) पाण्यात बुडवून बघा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकातली इष्ट मर्यादा ५०० आहे. काळ्या रंगासाठी तेवढंही जास्तच. ८००-१००० टीडीएसच्या पाण्याचा एक थेंब गरम बॉनेटवर वाळला की त्यातला सगळा चुना तिथेच बसतो. पांढऱ्या गाडीवर तो दिसत नाही, म्हणून शेजाऱ्याची गाडी "छान राहिली" असं वाटतं.

आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत भरून त्याने गाडी धुणं ही चांगल्या मनाने केलेली चूक. पाणी वाचवायचा हेतू खरा, पण आरओने गाळून बाजूला काढलेले सगळे क्षार त्याच बादलीत असतात. ते फरशीला वापरा. काळ्या गाडीच्या शेवटच्या धुण्याला उलट आरओचं गाळलेलं पाणी ४-५ लिटर घ्या.

दुसरा गुन्हेगार कूलर. मार्च ते जून खिडकीखाली गाडी लावलेली असते आणि वर कूलर चालू. टाकीतलं पाणी दिवसभर उडून जातं, क्षार मागे उरतात, वरून पुन्हा तेच पाणी भरलं जातं; टाकी आठवडाभर रिकामी केली नाही तर तिच्यातलं पाणी मूळ पाण्याच्या कितीतरी पट जड होतं. वुडवुलच्या ताट्यांवर जो पांढरा खर जमतो तोच थेंबाथेंबाने टपावर जमतो. गाडीच्या एकाच बाजूला ठिपके असतील तर मान वर करून कूलर शोधा. तो तिथे असेपर्यंत बाकीचा खर्च वाया.

ठिपके काढायचे तर गाडी गार असताना पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर सम प्रमाणात घ्या. मायक्रोफायबर त्यात भिजवून ठिपक्यांवर १ ते २ मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा आणि मग शॅम्पूने पुन्हा धुवा. एका वेळी अर्धा बॉनेट, त्याहून जास्त नाही. दोनदा करून ठिपका गेला तर तो वरवरचा होता. पांढरेपणा जाऊन खळीसारखी गोल खूण राहिली तर क्षाराने क्लिअर कोरलंय. आता व्हिनेगर थांबवा, ते काम पॉलिशचं. बाथरूमचं ॲसिड चुकूनही नको. रंग वाचला तरी क्रोम, ॲल्युमिनियम आणि पत्र्याच्या उघड्या कडा वाचत नाहीत.

कबुतराच्या विष्ठेची खूणही अशीच कोरलेली असते. त्यावर ओलं फडकं १० मिनिटं ठेवून नुसतं उचलून घ्या, घासू नका.

मशीन लावण्याआधी

१५-२० लिटरच्या दोन बादल्या घ्या, एकीत शॅम्पू, दुसरीत मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) खळबळायला साधं पाणी. आधी पाइपाने सगळी धूळ वाहवून टाका. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. वीज केंद्राची राख डोळ्यांना मऊ दिसते, पण तिचे कण काचेसारखे कडक असतात, आणि कोरड्या फडक्याने पुसली की ती पॉलिशपेपरचं काम करते. कडुनिंब, करंजाखाली उभ्या गाडीवर चिकट थेंब पडतात तो बहुतेक वेळा झाडाचा डिंक नसून पानावरच्या किडीचा गोड स्राव असतो. कोमट शॅम्पूचं पाणी ५ मिनिटं ठेवलं की सुटतो.

धुतल्यावर हाताला पातळ पन्नी गुंडाळा आणि बोटं बॉनेटवरून हलकेच फिरवा. उघड्या बोटांना गुळगुळीत लागलेला पत्रा पन्नीतून रव्यासारखा लागेल. हे रुतलेले कण. अजनी, इतवारीसारख्या रेल्वेच्या कडेच्या वस्तीत त्यात लोखंडाची भुकटी जास्त असते. आयर्न रिमूव्हर फवारला की ३ ते ५ मिनिटांत जांभळे ओघळ सुटतात (वास सडक्या अंड्यासारखा येतो, मोकळ्यावर करा). वाळायच्या आत धुवा. मग बारीक जातीचा क्ले (रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी), ५० ग्रॅमची वडी हॅचबॅकला पुरते. ल्युब्रिकंट भरपूर फवारून, जोर न लावता सरळ रेषेत फिरवा. वडी जमिनीवर पडली तर टाकून द्या, वीस रुपयांचा तुकडा असो की दोनशेचा. काळ्या रंगावर क्ले स्वतःच्या पुसट रेघा सोडतोच. म्हणून क्ले केला की पॉलिश आलंच.

घासणं

वेळ महत्त्वाची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कधीही, उन्हाळ्यात सकाळी ६ ते ९, छपराखाली. पत्र्यावर हाताची पाठ सहज टेकली पाहिजे. मे महिन्यात दुपारी कंपाउंड मिनिटभरात वाळतो, भुकटी होतो आणि तोच ओरखडे पाडतो.

सामान: ड्युअल ॲक्शन पॉलिशर (पॅड फिरवता फिरवता डोलवणारं मशीन; रोटरी नुसतं गोल फिरवतं), ५ इंची प्लेट, मध्यम फोम पॅड ३, मऊ फोम पॅड ४, मध्यम कंपाउंड २५० मिली, बारीक पॉलिश २५० मिली, ३०० ते ४०० जीएसएमचे मायक्रोफायबर १०-१२, मास्किंग टेप. पहिल्यांदा हात घालणाऱ्याने रोटरी घेऊ नये. आणि ग्राइंडरला लोकरीचा पॅड लावायची जी कल्पना बाजारात फिरते तिच्यापासून तर लांबच राहा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो, रोटरीने पॉलिश करताना १,००० ते १,५०० पुरतात. पॅनलची कड दोन सेकंदांत प्रायमरपर्यंत उघडी पडते.

पॅनलच्या कडा, बॉनेटच्या उठलेल्या रेषा, रबर आणि काळं प्लास्टिक टेपने झाका. कडांवर रंग मुळातच पातळ असतो.

मघाच्याच चौकोनात आधी सगळ्यात सौम्य जोडी वापरून बघा, मऊ पॅड आणि बारीक पॉलिश. पॅडवर मटारच्या दाण्याएवढे चार थेंब. १ नंबरच्या वेगावर पसरवा, मग ४ ते ५ वर न्या. मशीन सेकंदाला २-३ सेंटिमीटर इतकं सावकाश सरकवा, आधी आडवं, मग उभं, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर. असे चार ते सहा फेरे. प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ काढून ठेवा. काम करताना ती फिरताना दिसली पाहिजे. पॅड नुसता थरथरत असेल आणि रेघ जागेवरच असेल तर जोर जास्त झालाय किंवा पॅड वाकडा टेकलाय, आणि काहीही कापलं जात नाहीये.

पुसा, अल्कोहोलचं मिश्रण मारा, टॉर्च धरा. हे मिश्रण मारल्याशिवाय बघणं म्हणजे स्वतःलाच फसवणं, कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे लपवतं. सत्तर-ऐंशी टक्के रेघा गेल्या असतील तर गाडीभर हीच जोडी. नसतील तर मध्यम पॅड आणि कंपाउंड, आणि त्यानंतर पुन्हा मऊ पॅड आणि बारीक पॉलिश. हा दुसरा हात काळ्या गाडीत चुकवता येत नाही. पांढऱ्या, चंदेरी गाडीला कंपाउंडवर सोडून दिलं तर चालून जातं, काळीवर कंपाउंडने पडलेली बारीक धूसर झाक उन्हात लगेच उघडी पडते आणि मालक म्हणतो, "परत आलं."

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झटका, दोन पॅनलनंतर बदला. हॅचबॅकला एका हाताचं काम एका माणसाला दिवसभराचं, दोन हातांचं दोन दिवसांचं. तीन तासांत आणि थोडक्या पैशांत पूर्ण गाडी "नवी" करून देणारा काय करत असेल याचा अंदाज यावरून यावा.

बिघडतं ते असं

भुकटी उडते: पॅडवर माल जास्त किंवा पत्रा गरम. थेंब कमी करा, पॅडवर पाण्याचा एक हलका फवारा द्या.

रेघा गेल्या, पण धुकं राहिलं: कंपाउंडनंतरचा हात अपुरा, किंवा पॅड भरून कडक झालाय. नवा मऊ पॅड, कमी जोर, वेग ३ ते ४.

डुकराच्या शेपटीसारखे छोटे वळसे: पॅड आणि पत्र्यामध्ये खडा आलाय. थांबा, पॅड धुवा, तो चौकोन पुन्हा अल्कोहोलने पुसा.

बंपरवर रंग मऊ पडून ओढला गेला: प्लास्टिक उष्णता वाहून नेत नाही, ती तिथेच साठते. बंपरवर कमी वेग, कमी फेरे, मध्ये मध्ये हात लावून बघा.

एकच दरवाजा वेगळा वागतो, लगेच ओरखडतो: तो बहुधा नंतर रंगवलेला आहे, बाहेरचा क्लिअर कंपनीच्या भट्टीतल्याइतका कडक नसतो. त्याला सौम्य जोडीच द्या. नुकताच रंगवला असेल तर मेण आणि कोटिंग पेंटर सांगेल तितके दिवस थांबवा.

काळ्या प्लास्टिकवर पांढरा कंपाउंड वाळला: क्लीनर आणि जुना दातांचा ब्रश. डिझेल-रॉकेलचा हात मारू नका. दोन दिवस काळं दिसतं, मग त्याच्यावर धूळ बसते आणि दाराचे रबर फुगतात.

चट्टे असतील तर

मेलेल्या क्लिअरच्या जागी नुसता नवा क्लिअर फवारून देतो म्हणणारा पेंटर भेटतो. काही महिन्यांत नवा थर जुन्याच्या सुट्या कडेवरून उचलला जातो. चट्ट्याची किनार पूर्ण घासून काढून, काळा मारून, मग अख्ख्या पॅनलला दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर, हार्डनर डब्यावर दिलेल्या प्रमाणात, हाच मार्ग. अर्ध्या टपावर जोड देऊ नका. काळ्यावर जोडाची रेघ दिसतेच.

चमक टिकवायची तर

मेण लावायचं की सीलंट (मेणाऐवजी लावायचा कृत्रिम थर)? कार्नोबा मेण स्वतः ८२ ते ८६ अंशांना वितळतं, पण डबीत त्याच्याबरोबर मऊ मेणं आणि तेलं असतात, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात उभी काळी गाडी त्यांना मऊ करते. मग धूळ चिकटते. मार्चच्या आधी पॉलिमर सीलंट किंवा स्प्रे सिरॅमिक लावा, मेण हिवाळ्यासाठी ठेवा. सिरॅमिकमुळे पाणी घरंगळतं, धुणं सोपं होतं. पण बोअरच्या थेंबाचा ठिपका त्यावरही बसतो आणि कोरड्या फडक्याचा ओरखडाही.

खरी लढाई रोज सकाळी सहा वाजता खाली पार्किंगमध्ये होते. गाडी पुसणारे भाऊ एक बादली आणि एक फडकं घेऊन दहा गाड्या करतात. चाकावरून फडकं दारावर, दारावरून बॉनेटवर. त्यांच्या मेहनतीचा हा दोष नाही, सांगितलेलं कामच तसं असतं. त्यांना स्पष्ट सांगा: "भाऊ, रोज फक्त काचा पुसा, रंगाला फडकं लावू नका. आठवड्यातून एकदा पाइपाने धुवा." पैसे तेवढेच द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी सवयीने पुन्हा फडकं फिरेल. झटकणीही नको. धूळभरल्या गाडीवर कव्हर घालणं त्याहून वाईट, मेच्या वावटळीत कव्हर रात्रभर घासत राहतं.

मग तिसऱ्या धुण्यानंतर बॉनेटच्या त्याच चौकोनावर अल्कोहोलचं मिश्रण मारून टॉर्च धरा. पॉलिश संपलं त्या दिवशी याच टॉर्चखाली काढून ठेवलेल्या फोटोशी जुळलं तर रंग खरोखर दुरुस्त झालाय. सरळ, एकाच दिशेच्या नव्या रेघा दिसल्या तर फडकं अजून फिरतंय. गोल ठिपके दिसले तर कूलर बघा.